पॉटहोल्डरच्या आत काय घालायचं, तेही नीट छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरच्या घरी पॉटहोल्डर, म्हणजे गरम भांडं धरायचं भराव घातलेलं जाड फडकं, शिवायची कृती आली आहे. आकृती सुबक आहे, मापं बरोबर आहेत, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी कोपऱ्यावर कशी दुमडायची तेही नेमकं सांगितलं आहे. मी ते पान कापून माझ्या शिवणाच्या वहीत लावलंसुद्धा. पण लावताना एका ओळीवर पेनने काट मारली. आतल्या भरावासाठी कोणतंही जाड कापड, फोम किंवा जुन्या उशीतलं फायबर चालेल, असं त्या ओळीत म्हटलं आहे. ते चालत नाही. हे मी कुठे ऐकून सांगत नाही. माझ्या सुनेच्या अंगठ्यावर त्याची खूण आहे, आणि ते फडकं मीच शिवलेलं होतं.

मी पस्तीस वर्षं शिवण शिकवते. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात मी पॉटहोल्डरच शिवायला देते. चार सरळ शिलाया, चार कोपरे, एक पट्टी, एक लूप. हात बसायला याहून चांगलं काम नाही, आणि दोन तासांत वस्तू तयार होऊन घरी जाते. त्यामुळे आजवर शेकडो पॉटहोल्डर माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. त्यातल्या पहिल्या कित्येकांच्या आत काय घातलं होतं, ते आठवलं की आजही जिवाला चैन पडत नाही.

सात वर्षांपूर्वी मी सुनेला सहा पॉटहोल्डरचा संच शिवून दिला. बाहेरून फुलाफुलांचं सुती कापड, आत जुन्या उशीतून काढलेलं पांढरंशुभ्र फायबर, हलकं आणि फुगीर. हातात घेतलं की वाटायचं, यातून काय चटका बसणार! वर्षभर काही झालं नाही, कारण वर्षभर तिने त्याने झाकणं उचलली, उकळत्या पाण्याची भांडी उतरवली. तिथे मामला शंभर अंशांच्या आसपासचा. मग एका संध्याकाळी बिडाचा तवा रिकामाच गॅसवर राहिला. फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि जळका वास आला तशी धावत आत आली. पॉटहोल्डर दुमडून तिने तव्याची कड धरली, वर अंगठा आणि खाली चार बोटं, आणि सिंककडे निघाली. तीन पावलं गेली असेल. नातू पायाशी उभा होता म्हणून तिने तवा टाकला नाही, ओट्यावर ठेवला, आणि तेवढ्या वेळात अंगठा भाजला. नळाखाली वीस मिनिटं हात धरला, तरी टरटरून फोड आला. नंतर ती मला म्हणाली, "आई, फडकं हातातल्या हातात पातळ झाल्यासारखं वाटलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ते फडकं घेऊन मी खिडकीशी बसले आणि टाके उसवले. बाहेरचं सुती कापड जेमतेम तपकिरी झालं होतं, इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की होतं तेवढंच. पट्टी सोडवून वरचा पदर उचलायला गेले तर तो उचलेना. कडेचं फायबर होतं तसं मऊ होतं, बोटाने दाबलं की दबत होतं, सोडलं की वर येत होतं. मधोमध मात्र अंगठ्याएवढा खळगा पडला होता. त्या खळग्यात तंतू उरलेच नव्हते. मेणबत्तीचा ओघळ गार झाल्यावर दिसतो तसा पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा तिथे झाला होता. नखाने वाजवला तर टकटक आवाज आला. आणि तो वरच्या सुती कापडाला आतून असा घट्ट बसला होता की ओढल्यावर कापडाचेच धागे तुटून आले. माझी सून बरोबर बोलली होती. फडकं खरोखरच पातळ झालं होतं, नेमकं तिच्या अंगठ्याखाली.

त्या दिवसापासून मी या एका गोष्टीच्या मागे लागले. जे कळलं ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मुळात उष्णता अडवतं कोण? कापड नव्हे, कापडात अडकून बसलेली हवा. जाड कापड चांगलं म्हणतो ते त्यात जास्त हवा मावते म्हणून. कापूस, लोकर, पॉलिएस्टर, सगळेच तंतू हवा धरून ठेवतात. म्हणून तर पॉलिएस्टरची रजईसुद्धा उबदार असते. पण रजईला शरीराची ऊब अडवायची असते, पॉटहोल्डरला तवा अडवायचा असतो. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागतं. एका जातीचं नायलॉन तर २२० च्या आसपासच वितळतं. मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांत २५० च्या पुढे जातो. तंतू वितळले की त्यांच्यामधली हवा गेली, हवा गेली की आड काही उरलं नाही. शिवाय वितळलेला प्लास्टिकचा थेंब कातडीला लागला तर चिकटून बसतो आणि भाजतच राहतो.

कापूस वितळत नाही. तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा, आणि या सगळ्यात वास येत राहतो. म्हणजे हात सोडायला वेळ मिळतो. लोकरही वितळत नाही. ती करपते, केस जळाल्यासारखी घाण येते, पण ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. कापूस विझत नाही, तो पेटला की पेटत जातो. म्हणून सुती पॉटहोल्डरसुद्धा बर्नरच्या कडेला विसरून ठेवू नये.

मुली विचारतात, बाई, हे अंश लक्षात कसे ठेवायचे? त्यांना मी कपड्याच्या आतलं लेबल बघायला सांगते. त्यावर इस्त्रीचं चित्र असतं आणि इस्त्रीत ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे इस्त्रीचा तळ फार तर ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती आणि लिननच्या कपड्यावर सहसा तीन असतात, पॉलिएस्टरवर दोन किंवा एक, अ‍ॅक्रिलिक आणि नायलॉनवर बहुतेक एकच. तीन ठिपके नसतील ते कापड पॉटहोल्डरमध्ये घालायचं नाही, एवढं पाठ केलं तरी पुष्कळ झालं. अपवाद फक्त लोकरीचा. तिच्यावर दोन ठिपके असतात, पण ते ती वितळते म्हणून नव्हे, जास्त तापवली तर चकाकते, पिवळी पडते म्हणून.

लेबल नसेल तर धागा जाळून बघायचा. सिंकमध्ये, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचा मग ठेवून. कापूस कागदासारखा भुरकन जळतो, वासही कागदाचाच, आणि मागे मऊ करडी राख उरते, बोट लागलं तरी फुंकर घातल्यासारखी उडून जाते. लोकर ज्योतीपासून आक्रसून मागे सरते, केसांचा वास येतो आणि टोकाला काळी गुठळी होते ती चिमटीत चुरता येते. पॉलिएस्टर वितळतं, गळतं, आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी होतो. तो दातानेही फुटत नाही. मिश्र कापडात राखही होते आणि मणीही. मणी झाला की ते कापड बाजूला. ही परीक्षा मी वर्गात प्रत्येक मुलीकडून करून घेते, कारण डोळ्याला आणि बोटाला फसवणारी कापडं आता फार निघाली आहेत. लोकरीसारखं दिसणारं अ‍ॅक्रिलिक, सुतीसारखं वाटणारं पॉलिकॉटन, आणि ते मऊ फ्लीस, जे बघितल्याबरोबर भरावाला घ्यावंसं वाटतं आणि जे बहुतेक वेळा शुद्ध पॉलिएस्टर असतं.

आता आपल्या कृतीतल्या फोमबद्दल. फोम म्हणजे बहुधा पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिकच. त्यात हवा भरपूर असते हे खरं, पण तो झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. घर कितीही नीटनेटकं असलं तरी स्वयंपाकघरात ज्योतीशेजारी त्याला जागा नाही. थर्माकोल तर शंभर अंशांच्या आसपासच ढिला पडतो. पॅकिंगच्या फुग्यांचं प्लास्टिकही तसंच. हे सगळं हलकं, फुगीर आणि फुकट मिळणारं आहे, म्हणूनच हात त्याच्याकडे जातो.

चंदेरी कापडाबद्दल मात्र थोडं थांबून लिहिते, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. इस्त्रीच्या टेबलावर घालतात ते अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं कापड पुष्कळ जणी पॉटहोल्डरला लावतात. चमक उष्णता परतवते, असा हिशेब. तो हिशेब अर्धाच खरा आहे. समोरून झळ येत असेल आणि मध्ये थोडी मोकळी हवा असेल, तर चमकदार पृष्ठभाग ती झळ परतवतो. पण पॉटहोल्डर भांड्याला टेकलेला असतो. टेकल्यावर उष्णता झळीने येत नाही, स्पर्शाने सरकत येते, आणि तिथे चमकेचा उपयोग फार थोडा. नुसत्या एका चंदेरी पदराच्या भरवशावर गरम ट्रे उचलायला जाणारीचा हात भाजणारच. बाजारात याच कामासाठी एक खास भरावही मिळतो. त्यात पॉलिएस्टरच्या तंतूंमध्ये चकचकीत धातूच्या मुलाम्याची पातळ फिल्म सुयांनी टोचून बसवलेली असते, हातात घेतल्यावर कुरकुर वाजतो. तो वाईट नाही, मीही वापरते. पण एकटा कधीच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाचा एकेक थर घालते, म्हणजे पॉलिएस्टरपर्यंत पोचेतो उष्णता पुष्कळ उतरलेली असते. आणि ज्यात तो घातला आहे ते फडकं मायक्रोवेव्हमध्ये भांड्याखाली राहता कामा नये. आत धातू आहे, ठिणग्या उडतील. मी अशा पॉटहोल्डरच्या पाठीवर लाल धाग्याने फुली घालून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती गेला तरी कळावं.

मग घालायचं काय? साधं उत्तर, कापसाची वॅडिंग, म्हणजे रजईत घालतात तसा कापसाचा सलग थर. पण घेताना पाकीट वाचून घ्यावं. कापसाची म्हणून विकली जाणारी पुष्कळशी वॅडिंग ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिएस्टर अशी असते. जी शंभर टक्के कापसाची, तिच्यातसुद्धा कधीकधी आधाराला प्लास्टिकची अतिशय पातळ जाळी बसवलेली असते. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, आणि पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांनाच वितळतं. थर उजेडासमोर धरून दोन बोटांनी हळूच विलग केला की जाळी दिसते. इस्त्रीने चिकटणारा भराव आणि पेस्टिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून आतून चिकटवतात ते) हेही यातलंच. त्याचा डिंक उष्णतेनेच चिकटतो, तो उष्णतेपुढे टिकणार कसा?

वॅडिंग नसेल तर जुना जाड टॉवेल उत्तम. टॉवेलच्या त्या बारीक फाशांत हवा छान अडकते. दोन पदर घ्यावेत, कडेच्या नक्षीच्या पट्टीचा भाग वगळावा. फक्त टॉवेल आतच ठेवावा, बाहेर नाही. सुटे फासे आणि फ्लॅनेलसारखी लव असलेलं कापड ज्योत चटकन पकडतं. बाहेरच्या बाजूला घट्ट विणीचं सपाट सुती कापड हवं. पाठीला जुन्या जीन्सचा तुकडा फार चांगला, पण ताणणारी जीन्स नको. तो ताण ज्या तंतूने येतो तो कापूस नसतो.

आणि माझं सर्वांत लाडकं म्हणजे लोकर. खऱ्या लोकरीचा स्वेटर ज्यांनी चुकून गरम पाण्यात धुतला आहे, त्यांना तो आक्रसून बाहुलीएवढा कसा होतो ते माहीत आहे. ती चूक इथे मुद्दाम करायची. फाटका, विटका स्वेटर गरम पाण्यात साबण घालून चांगला घुसळायचा, मग गार पाण्यात बुचकळायचा, पुन्हा गरम. लोकरीच्या तंतूला सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. विणीचे टाके दिसेनासे होतात, कापड दुप्पट जाड होतं आणि कात्रीने कापलं तरी कडेचा एक धागा सुटत नाही. लेबलावर सुपरवॉश असेल तर मात्र हे घडत नाही, त्या लोकरीचे खवले आधीच घालवलेले किंवा झाकून टाकलेले असतात. अशा आक्रसलेल्या लोकरीचे दोन पदर आणि बाहेर सुती कापड, एवढ्यावर मी तव्याचे आणि ओव्हनचे पॉटहोल्डर शिवते. अंगठ्याने कितीही दाबलं तरी लोकरीचा कुरळा तंतू परत उभा राहतो. कापूस वापरता वापरता दबत जातो, लोकर पुष्कळ दिवस दबत नाही. माझ्या सुनेकडे आता हेच आहेत.

एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगून टाकते. कुणाच्या जुन्या सामानात फार पूर्वीचं, करड्या पांढऱ्या कडक भरावाचं उष्णतारोधक हातमोजं किंवा पॅड सापडलं, तर त्यातला भराव पुन्हा वापरायला म्हणून ते उसवू नये. एके काळी अशा वस्तूंत अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. न फाडता, पिशवीत बंद करून ते घराबाहेर काढावं.

आता ओलीबद्दल. आपल्या कृतीत याबद्दल अक्षर नाही आणि मला सर्वांत जास्त तेच खटकलं. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. तेव्हा फडकं भिजलं, म्हणजे जिथे हवा होती तिथे पाणी शिरलं, की कापूस असो, लोकर असो, सगळं निवडलेलं पाण्यात. शिवाय फार तापलेल्या भांड्याला ओलं फडकं लागलं तर त्याची वाफ होते आणि ती थेट तळहाताकडे येते. वर्गात हे मी तोंडाने सांगत नाही, करून दाखवते. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळते, गॅस बंद करते, झाकण ठेवते. मग एकाच मापाचे, एकाच दिवशी शिवलेले दोन पॉटहोल्डर घ्यायचे. एक कोरडा आणि एक नळाखाली धरून पिळलेला. मुलीने तळहाताने तो पातेल्याच्या अंगाला टेकवायचा आणि मोठ्याने आकडे मोजायचे. पातेलं उचलायचं नाही, नुसतं टेकवायचं. कोरड्याला तीस-पस्तीसपर्यंत सगळ्या आरामात मोजतात, कोमट लागतं आहे म्हणतात. ओल्याला दहा-बारापर्यंत जाता जाता आवाज बदलतो आणि हात मागे येतो. एकदा हे हाताला कळलं की ती मुलगी ओट्यावर पडलेलं ओलसर फडकं घेऊन जन्मात भांडं उचलणार नाही. कातडीला ६० अंश काही सेकंदच सोसतात, त्याच्या पलीकडे तेवढाही वेळ मिळत नाही.

म्हणूनच हात पुसायचं फडकं वेगळं आणि भांडं धरायचं वेगळं. दोन्ही कामं एका फडक्याने करू नयेत. लूप लावायचा तो एवढ्याचसाठी की ते ओट्यावर न पडता खुंटीला टांगलेलं, कोरडं राहावं. लूप आखूड ठेवावा, दोन बोटं जातील एवढाच. लोंबणारा लूप ज्योतीत जातो.

शिवायच्या पद्धतीवरही भराव किती चालेल ते ठरतं. थर जागच्या जागी राहावेत म्हणून आपण गोधडीसारखा धावदोरा घालतो किंवा मशीनने आडव्या-उभ्या शिलाया मारतो. प्रत्येक शिलाईच्या रेघेखाली भराव चेपला जातो, हवा निघून जाते आणि तिथून उष्णता वाट काढते. आपल्या आकृतीत शिलाया बोटाच्या पेरापेक्षा जवळ आहेत. दिसायला देखण्या आहेत, पण मी दीड इंच अंतर ठेवीन. आणखी एक युक्ती मी करते. वरचं कापड आणि भरावाचा एक थर यांना मिळून उभ्या शिलाया मारते, पाठीचं कापड आणि दुसरा थर यांना मिळून आडव्या, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त कडेने पट्टी लावते. मग चेपलेल्या रेघा एकावर एक येत नाहीत, फक्त जिथे फुली पडते तिथे भेटतात, आणि मधे दोन्ही तुकड्यांच्या मध्येही हवेचा एक पदर राहतो. चार थर झाल्यावर मशीनला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावावी, टाका जरा लांब ठेवावा. धागा सुती. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो हे मान्य, पण भांड्याला टेकणारी शिलाई त्याची असेल तर तीच आधी वितळते आणि मग थर आतल्या आत सरकतात.

जाडीचा हव्यासही नको. एका विद्यार्थिनीने टॉवेलचे सहा पदर घातले. पॉटहोल्डर असा ताठ झाला की भांड्याचा कान त्यात धरताच येईना, बोटं घसरत होती. चटका न बसता भांडंच हातातून सुटलं, तर काय मिळवलं? आठ इंचाचा चौकोन, न दाबता साधारण एक सेंटिमीटर जाडी, आणि मुठीत धरला की सहज दुमडला पाहिजे. कापड आणि भराव दोन्ही आधी गरम पाण्यात धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुती आक्रसतं आणि चौकोनाची होडी होते.

आणि फेकायचा केव्हा? मध्यभाग दोन बोटांत धरून चोळून बघावा. थर पातळ लागला, कापड करपून कडक झालं, किंवा तेल इतकं मुरलं की धुऊनही जात नाही, की तो पुसण्याला टाकावा. तेल मुरलेलं फडकं हवाही धरत नाही आणि पेटायलाही उतावीळ असतं.

तयार पॉटहोल्डरबद्दलही दोन शब्द. मी एक तयार पॉटहोल्डर विकत घेऊन उसवला होता. बाहेर शंभर टक्के कॉटन असं लेबल, आणि आत यंत्राने चेपलेल्या रंगीबेरंगी चिंध्या. त्यातला एकेक धागा जाळून पाहिला, अर्ध्याहून जास्त धाग्यांना कडक मणी आला. लेबल खोटं नव्हतं, ते फक्त बाहेरच्या कापडाचं होतं. घेणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही. म्हणूनच घरी शिवणाऱ्यांना ते चांगलं जमलं पाहिजे असं मला वाटतं. आत काय आहे हे ठाऊक असलेली ती एकच वस्तू असते.

संपादक महाशय, माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टाइपात दुरुस्ती छापावी: भरावाला फोम, उशीतलं फायबर किंवा फ्लीस वापरू नये, शुद्ध कापूस किंवा खरी लोकर वापरावी, ओलं फडकं भांड्याला लावू नये. पुढच्या प्रत्येक कृतीत कापडाचं नाव लिहिताना तंतूचंही नाव लिहावं. लेखिकेचा हात चांगला आहे, हे त्यांच्या कोपऱ्यांवरून दिसतं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मीसुद्धा वीसेक वर्षं मुलींना तेच फायबर भरायला सांगत होते.

पाकिटात एक तुकडा ठेवला आहे. सुनेच्या त्या फडक्याचा मधला भाग आहे, अंगठ्याचा खळगा असलेला. सहा वर्षं मी तो वर्गात मुलींच्या हातात देत आले. माझ्याकडे त्याच फडक्याची दुसरी बाजू आहे, तेव्हा हा परत पाठवायची गरज नाही. वाचून झाल्यावर लेखिकेला द्यावा, आणि खळग्यात अंगठा टेकवून बघा म्हणावं.

आपली,
शिवणकाम शिकवणारी एक वाचक